डोंगरीचा तुरुंग आणि नववीचा वर्ग

‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकामुळे १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक कुठे कैदेत होते, हे शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला ठाऊक असतं. त्या तुरुंगाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. १९२४ साली मुंबई इलाख्यात बालकांसाठी कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली आणि पोलिसांनी आणलेल्या मुलांसाठी जागा मिळाली ती याच डोंगरीच्या तुरुंगाची. माध्यमिक शाळेत, समजा नववीत, बालन्याय शिकवायचा तर कलमांऐवजी या इमारतीपासून सुरुवात करावी. मुलांना तुरुंगात टाकायचं नाही हे ठरलं. मग ठेवायचं कुठे आणि मूल म्हणायचं कितव्या वर्षापर्यंत, यावर एकमत कधी टिकलंच नाही. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला बांधून देता येई. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक होती. २००० साली दोघांनाही अठरा लागू झालं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारात एक आरोपी अठराच्या आतला होता; त्यानंतर लोकक्षोभ उसळला आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा या वयासाठी वेगळी वाट काढली.

बालन्याय शिकवण्यावर पालकांचा हमखास आक्षेप असतो: हे शिकवलं तर ‘अठराच्या आत काही होत नाही’ एवढंच पोरं उचलतील. पण ते त्यांनी केव्हाच उचललंय. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर त्याला जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट शाळकरी पोरांच्याही तोंडी होती. काही दिवसांतच बाल न्याय मंडळाने आदेश बदलून त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदा ठरवलं, हा पुढचा भाग किती जणांना माहीत आहे? सोळा वर्षं पूर्ण झालेल्याने घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या समजेची प्राथमिक तपासणी करतं आणि खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अर्धवट माहिती जास्त घातक, म्हणून उरलेली अर्धी वर्गात द्यायची. अभ्यासक्रमात जागा नाही, ही सबब लंगडी आहे. आगरकरांबद्दल शिकवतातच, त्याला दोन तास जोडावेत. शिकवायचं आणखी एक कारण: अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करायला २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे फोटो बिनदिक्कत फिरत असतात.