मंडळाचा ताळेबंद आणि मीटर नसलेला पंप

१/ सार्वजनिक संस्थेच्या हिशेबाचे लेखापरीक्षण झाले म्हणजे तो हिशेब खरा ठरतो का? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर रुपयांपेक्षा युनिटांच्या आकड्यांत अधिक स्पष्ट दिसते.

२/ विद्युत (पुरवठा) अधिनियम, १९४८ अन्वये २० जून १९६० रोजी मंडळ स्थापन झाले. कागदावर उत्तरदायित्वाची चौकट भक्कम होती. कलम ६९ नुसार मंडळाचे लेखे महालेखापरीक्षकांच्या यंत्रणेकडून तपासले जात आणि अहवालासह विधिमंडळापुढे ठेवले जात.

३/ १९८३ च्या दुरुस्तीने स्थिर मालमत्तेवर किमान ३ टक्के शिलकीचे बंधन आले. मात्र ती मोजताना राज्य शासनाचे अनुदानही जमेस धरले जाई. त्यामुळे शिलक दिसली तरी कारभार सुदृढ असेलच असे नव्हते.

४/ त्याहून मोठी फट शेतात होती. बहुसंख्य कृषिपंपांना मीटर नव्हते. आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर होई. प्रत्यक्ष वापर मोजलाच जात नसल्याने तो अंदाजाने मांडला जाई.

५/ उदाहरणादाखल, १०० युनिट वीज पुरवली आणि ५५ मीटरवर मोजली गेली असे समजू. शेतीचा वापर ३० धरला, तर गळती १५ टक्के. तोच १५ धरला, तर गळती ३० टक्के. रुपयांची बेरीज दोन्ही वेळा बिनचूक!

६/ विद्युत नियामक आयोग अधिनियम, १९९८ अन्वये ऑगस्ट १९९९ मध्ये राज्यात आयोग स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव प्रथमच जाहीर सुनावणीत सिद्ध करावा लागला. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी कृषिवापराच्या अंदाजावरच बोट ठेवले. वर्षानुवर्षे २० टक्क्यांच्या आत दाखवलेली गळती ३० टक्क्यांच्या पुढे असल्याचे समोर आले. ५ मे २००० रोजी आयोगाचा पहिला दरनिर्णय आला.

७/ ही वीज त्या वर्षी अचानक नाहीशी होऊ लागली नव्हती. तिचे केवळ खाते बदलले. जीर्ण वाहिन्या, वीजचोरी आणि सदोष बिलिंग यांचा मोठा भार तोवर शेतकऱ्याच्या नावावर लिहिला जात होता. न वापरलेल्या विजेचा ठपका त्याच्यावर आला. त्या गळतीची किंमत मात्र नियमित बिल भरणारा ग्राहक आणि करदाता मोजत राहिला.

८/ विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने दोन वर्षांत सर्वत्र मीटर बसवण्याचे बंधन घातले. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे गेले. त्यानंतर दीड दशक उलटूनही लाखो कृषिपंप मीटरविनाच होते. लेखापरीक्षक झालेली नोंद तपासू शकतो. न मोजलेल्या युनिटाची नोंद त्याला सापडणार कुठे?