प्लगवरचा नंबर कुठल्या पद्धतीत वाचायचा?

संशोधनाची तयारी करताना 'प्राथमिक साधन' हा शब्द तुमच्या कानावर सतत पडत असेल. लगेच दप्तरं, पत्रव्यवहार, जुनी वर्तमानपत्रं डोळ्यासमोर येतात. आज बोटाएवढ्या एका साधनाबद्दल बोलू: पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि मग तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. या वळणावर मला पहिला धडा मिळाला तो नगरच्या एका गॅरेजात, स्वतःच्याच चुकीतून.

घरची जुनी चारचाकी. मे महिना, पाच माणसं, मोहटादेवीला जायचं, वाटेत करंजी घाट. प्लग बदलायला आलेच होते. उन्हाळा आणि चढ म्हटल्यावर 'थंड' प्लग बरा, एवढं मला माहीत होतं. एका जुन्या तांत्रिक पुस्तकातल्या तक्त्यात लिहिलं होतं की नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. मी सात नंबरच्या जागी नऊ नंबरचे चार प्लग आणले आणि मोठ्या ऐटीत स्वतःच बसवले. घाटात इंजिन खडखडायला लागलं. आवाज असा, की डब्यात खिळे टाकून कुणी हलवतंय. वडील काही बोलले नाहीत, फक्त खिडकीची काच खाली केली.

आधी 'थंड' आणि 'गरम' म्हणजे काय ते पाहू. प्लगच्या टोकाशी चिनीमातीसारखं पांढरं इन्सुलेटर असतं. त्याचं नाक लांब असेल तर उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं; हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन इंजिनच्या हेडमध्ये जाते. हा थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर हवं, नाहीतर काजळी जळत नाही आणि गाडी मिसिंग करते. पण ते ८५० ते ९०० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. माझ्या इंजिनात नेमकं हेच चाललं होतं.

गॅरेजमधल्या चाचांनी इंजिन गार होऊ दिलं. प्लगभोवतीची धूळ हवा मारून उडवली, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडायला नको. मग चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, ज्या सिलिंडरचा प्लग त्याच क्रमाने. मी एक उचलून पाहायला गेले तर म्हणाले, "पोरी, जागा बदलू नको. एकच बिघडला असता तर त्या सिलिंडरचं दुखणं. चारही सारखे दिसतायत म्हणजे दुखणं सगळ्यांचं आहे."

चारही प्लग पांढरेफटक होते. निरोगी प्लग फिकट तपकिरी दिसतो. काळा कोरडा थर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरा म्हणजे अति उष्णता. पण पांढऱ्याचीही कारणं अनेक: मिश्रणात पेट्रोल कमी, टायमिंग पुढे, कूलिंगमध्ये बिघाड, नाहीतर प्लगच चुकीचा. चाचांनी आधी हवेचे पाइप, पाणी आणि टायमिंग पाहिलं. सगळं ठीक निघाल्यावर त्यांनी प्लगवरचा नंबर वाचला आणि विचारलं, "हा कुणी टाकला?"

"मीच."

चूक कुठे झाली हे मला घरी आल्यावर कळलं. बॉशच्या जुन्या पद्धतीत प्लगवर १४५, १७५, २२५ असे तीन आकडी उष्णतांक असायचे आणि मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. नंतर कंपनीने लहान आकड्यांची पद्धत आणली आणि दिशाच उलटी झाली: आता मोठा आकडा म्हणजे गरम. एनजीकेच्या प्लगवर मात्र आजही मोठा आकडा थंड. माझं पुस्तक खोटं नव्हतं. ते त्याच्या काळात बरोबर होतं. मी एका काळाचा तक्ता दुसऱ्या काळाच्या वस्तूला लावला. शिवकालीन कागदातला 'होन' आजच्या रुपयासारखा मोजण्यातलाच हा प्रकार.

या आकड्यांमागे मोठा इतिहास आहे. १८६० मध्ये लेन्वारच्या गॅस इंजिनात विजेच्या ठिणगीने इंधन पेटवलं जात होतं. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग तयार केला. भारतात १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली 'मायको', सुरू झाली आणि हे नाव गावोगावच्या गॅरेजांच्या पाट्यांवर पोचलं.

आता नगरकडे या. इथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन रणगाडा उभा आहे. त्याचं मीटिऑर इंजिन स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावरून घेतलेलं, पेट्रोलवर चालणारं, बारा सिलिंडरचं. पुढच्या पिढीचा विजयंता पाहा: त्याच्या इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटतं, ठिणगी लागतच नाही. आणि याच नगरमध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना घडली, १९७२ पासून. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे प्लग काळा पडणं ठरलेलं. डिकीतला पाना आणि पॉलिश पेपर ही घराघरातली हत्यारं झाली. प्लगचा रंग वाचायला कितीतरी माणसं शिकली ती रस्त्याच्या कडेला, कुठल्याही वर्गाबाहेर.

हे ज्ञान कुठल्या दप्तरात आहे? जवळपास कुठेच नाही. कंपनीच्या नोंदीत किती गाड्या बनल्या ते मिळेल, त्या चालू कशा ठेवल्या ते मिळणार नाही. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ च्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: आपण शोधांचा इतिहास लिहितो, वापराचा आणि दुरुस्तीचा राहून जातो. आणि वेळ थोडा आहे. पॉइंट आणि कंडेन्सर गेले, डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली. २०२४ मध्ये लूना परत आली ती बॅटरीवर, तिला प्लगच नाही.

म्हणून दोन कामं सांगते. पहिलं, स्वतःच्या गाडीचं. प्लग घेताना गाडीच्या पुस्तिकेतलाच नंबर घ्या. आटे, लांबी आणि उष्णतांक तिघंही जुळले पाहिजेत. गॅप फीलर गेजने तपासा. आटे आधी हातानेच बसवा, मग पुस्तिकेत दिलाय तेवढाच पाना आवळा. प्लगची टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. इरिडियमच्या टोकाला पॉलिश पेपर लावू नका. काढलेले प्लग क्रमाने ठेवा.

दुसरं, संशोधनाचं. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे वही घेऊन जा. परवानगी घ्या, तारीख लिहा, त्यांचा शब्द त्यांच्याच शब्दात उतरवा. मग तो पडताळा. मीही पडताळला: योग्य नंबरचे प्लग घातले, बाकी काहीच बदललं नाही, तीच पाच माणसं, तोच करंजी घाट. खडखड गेली होती. वडिलांनी काच वर केली.