चेहरा आणि तोफखान्यातली आकडेमोड

छायाचित्रणाचा शोध कोणी लावला? फ्रान्सच्या दागेरने, १८३९ साली. परीक्षेत एवढ्या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण माणसाचा चेहरा फोटोत आला कसा, असं विचारलं तर पॅरिसहून व्हिएन्नाला जावं लागतं.

१८३८च्या सुमारास दागेरने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. त्यात रस्ता ओस दिसतो. प्लेटवर कित्येक मिनिटं उजेड पडू द्यावा लागे. तेवढ्यात चालत्या माणसांची, गाड्याघोड्यांची खूणच उमटत नसे. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा राहिला.

इतका वेळ का लागे? भिंग म्हणजे खिडकी समजा. खिडकी मोठी, तर उजेड जास्त. पण समोरची भिंत दुप्पट लांब नेली, की तोच उजेड चौपट जागेवर पसरून फिका पडतो. म्हणून नुसत्या छिद्राचं माप पुरत नाही. फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागायचं. येईल त्याला आज एफ-नंबर म्हणतात. हा आकडा निम्मा झाला, की उजेड चौपट.

दागेरच्या कॅमेऱ्याचं भिंग तसं लहान नव्हतं. पण कडेचे किरण चित्र धूसर करत, म्हणून पुढे लहान छिद्राची चकती लावत. आकडा जाई सुमारे १५वर.

व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झवाल यांनी किरणांच्या वाटा कागदावर मोजायला घेतल्या. आकडेमोड प्रचंड! तेव्हा आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक मदतीला दिले. १८४० साली चार काचांचं भिंग तयार झालं. आकडा ३.६. पंधराला ३.६ने भागा आणि वर्ग करा : सतरापट उजेड. पाव तासाचं काम मिनिटाच्या आत! कडा अंधूक राहत, पण मधला चेहरा स्पष्ट येई. त्याच सुमारास ब्रोमीनमुळे प्लेटही जलद झाल्या. तोवर आपली छबी मागे ठेवायची तर चित्रकाराला पैसे मोजावे लागत. ते किती जणांना परवडणार? आता साध्या माणसाचाही चेहरा मागे राहू लागला.

भिंग बनवणाऱ्या फॉइग्टलेंडरची भरभराट झाली. पेत्झवाल यांना एकरकमी २,००० गुल्डन मिळाले; पुढे दोघांचं बिनसलं. १८९१ साली पेत्झवाल गेले. हिशेब मांडणाऱ्या त्या सैनिकांची आठवण तर क्वचितच निघते. इतिहासाची ही जुनीच खोड.

असो. आपल्या मोबाईलच्या माहितीत भिंगापुढे १.८ असा काहीसा आकडा असतो. नातवंडांचा फोटो काढताना तो जरूर पाहा. त्यामागे तोफा बाजूला ठेवून भागाकार करत बसलेली माणसं आहेत.