शिशुसंभाषणाच्या अभ्यासाचा इतिहास : शब्दसंख्येकडून प्रतिसादाकडे

मूल बोलू लागण्यापूर्वी घरातील माणसे त्याच्याशी ज्या भाषेत बोलतात, ती भाषा दीर्घकाळ अभ्यासाचा विषय मानली गेली नाही. ‘मम्म’, ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘बाऊ’, ‘भूर’, ‘गाई’ हे शब्द प्रत्येक मराठी घरात चालत आले; परंतु सुशिक्षितांचा ओढा त्यांच्याकडे कौतुकापेक्षा संकोचाने पाहण्याचाच राहिला. मुलाशी ‘शुद्ध’ बोलावे की बोबडे, हा पालकांचा नित्याचा प्रश्न या संकोचातूनच उद्भवला. गेल्या सहा दशकांत या प्रश्नाचा रोख कसा पालटत गेला, हे पाहणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास जितके उद्बोधक, तितकेच पालकांच्या हिताचे आहे.

या अभ्यासाच्या आरंभी मराठीला मानाचे स्थान आहे. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील शिशुभाषेचा तौलनिक निबंध प्रसिद्ध केला. त्या सहांमध्ये अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या जोडीला मराठी होती. त्याच वर्षी डॉ. अशोक रा. केळकर यांचा मराठी शिशुभाषेवरील स्वतंत्र निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रकाशित झाला. शिशुभाषा ही मुलाच्या चुकांची नक्कल नसून प्रौढांनी परंपरेने जतन केलेली, नियमबद्ध अशी भाषिक रीत आहे, हा विचार येथे दृढ झाला. अक्षरांची द्विरुक्ती, जोडाक्षरांचे सुलभीकरण यांसारखी लक्षणे परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही आढळतात, ही गोष्ट लक्षणीय ठरली.

तथापि मराठी शिशुसंभाषणाचे वैशिष्ट्य केवळ शब्दांत नाही. “कुठं गेलं होतं माझं पिल्लू?” असे आई विचारते, तेव्हा समोरच्या मुलाचा उल्लेख ती तृतीय पुरुषात करते, आणि मुलगा असो वा मुलगी, नपुंसकलिंगाला वात्सल्याचा अर्थ प्राप्त होतो. “आता आपण मम्म करू या” या वाक्यात जेवणारे एकटे मूल असते. परंतु ‘आम्ही’हून भिन्न असलेले ‘आपण’ त्याला आईच्या कृतीत सामावून घेते. पुष्कळदा प्रश्न विचारून मुलाच्या वतीने उत्तरही तीच देते. ज्याच्याजवळ अद्याप शब्द नाहीत त्याची संवादातील जागा अशा रीतीने आधीच राखून ठेवली जाते. पुढील संशोधनाचा सारा वाद वस्तुतः या राखून ठेवलेल्या जागेविषयीच होता.

१९६५ साली नोम चॉम्स्की यांनी असे प्रतिपादन केले की, मुलाच्या कानी पडणारी भाषा इतकी त्रुटित व मर्यादित असते की तिच्यावरून व्याकरण शिकणे जन्मजात सामर्थ्यावाचून शक्य नाही. या विधानाने मातेच्या बोलण्याचे महत्त्व साहजिकच उणावले. त्याची परीक्षा १९७२ मध्ये कॅथरीन स्नो यांनी केली. दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना मातांची वाक्ये आखूड, सोपी व पुनरुक्तियुक्त होतात, असे त्यांना आढळले. परंतु मूल समोर नसताना त्याच्यासाठी म्हणून बोलणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा हा फेर कमी पडला. म्हणजे मातेचे बोलणे मुलाचे अवधान व प्रतिसाद पाहूनच घडत होते.

भावनिक बाजू एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रकाशित केलेल्या प्रयोगाने पुढे आणली. हसतखेळत असलेल्या मातेने काही वेळ चेहरा निर्विकार ठेवला असता तान्हे मूल प्रथम तिला पुन्हा बोलते करण्याचा प्रयत्न करते. ते निष्फळ ठरल्यावर नजर वळवून खिन्न होते. माता जवळ होती, प्रतिसाद नव्हता. एवढ्याने मूल अस्वस्थ होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक होती, आणि ती एलिनॉर ऑक्स व बॅम्बी शीफेलिन यांनी १९८४ साली दिली. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोक तान्ह्या मुलाशी बोबडे बोलत नाहीत. आई त्याचे तोंड इतरांकडे करून त्याच्या वतीने त्यांच्याशी बोलते. तरीही कालुली मुले भाषा यथाकाल आत्मसात करतात. म्हणजे बोबडे शब्द अनिवार्य नाहीत. मुलाला माणसांच्या व्यवहारात जागा देण्याच्या रीती अनेक आहेत.

हा धडा पुढे काहीसा विस्मृतीत गेला. १९९५ साली बेटी हार्ट व टॉड रिझ्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या वर्षापर्यंत सुस्थित व दरिद्री घरांतील मुलांनी ऐकलेल्या शब्दांत सुमारे ३ कोटींचे अंतर पडते, हा त्यांचा अंदाज विलक्षण गाजला. परंतु साहाय्यवेतनावर जगणारी कुटुंबे त्या ४२ मध्ये अवघी ६ होती. डग्लस स्पेरी आदींनी २०१९ मध्ये पाच समाजांचा अभ्यास करून दाखविले की, घरातील सर्वांचे व आसपासचे बोलणे हिशेबात घेतल्यास एकाच आर्थिक स्तरातील समाजांतही मोठी तफावत आढळते. तोवर गरीब माता ‘अबोल’ असते, हा ग्रह मात्र पुष्कळ पसरला होता. शब्दमोजणीने मातेवर ठेवलेला हा दोषारोप या इतिहासातील सर्वांत अन्याय्य भाग होय.

मेंदूच्या अभ्यासाने अखेर संख्येपेक्षा देवघेवीकडे लक्ष वेधले. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकन बालकांनी १२ बैठकांत प्रत्यक्ष व्यक्तीकडून चिनी मँडरिन ऐकली व तिचे ध्वनिभेद टिपले. तेच चित्रफितीवरून ऐकणाऱ्यांस ते साधले नाही. रेचेल रोमियो व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांत असे पाहिले की, ज्यांचा प्रौढांशी आळीपाळीने संवाद अधिक, त्यांच्या मेंदूचे ब्रोका क्षेत्र गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय होते. आणि हा संबंध केवळ ऐकलेल्या शब्दांच्या संख्येने वा आर्थिक स्थितीने उलगडत नव्हता. परस्परसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. तरी सर्व पुराव्यांची दिशा एकच आहे.

महाराष्ट्रात या दिशेचे भान व्यवहारात पूर्वीच दिसून येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य चालविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे त्यांच्या अंगणवाडीचे सूत्र होते. अंगणात गेलेल्या शाळेला मुलाच्या घरची बोली कानी पडणे अटळ असते. तिला उत्तर देणे ही पुढची पायरी.

यास्तव पालकांना उपदेश करताना शब्दांचा हिशेब मागणे उचित नव्हे. भाषा प्रमाण असो वा वारली, शब्द शुद्ध असोत वा बोबडे, मुलाने आवाज केला असता त्याला उत्तर मिळते काय, हाच खरा प्रश्न आहे. शेतावर राबून संध्याकाळी परतलेली आई चुलीपुढे बसून “हो का रे? मग काय झालं?” एवढे जरी म्हणत असली, तरी या शास्त्राने सहा दशकांत जे शोधले त्याचे सार तिच्या प्रश्नात आहे. तिला उसंत मिळेल अशी व्यवस्था करणे हे मात्र समाजाचे काम होय.