आठवडी बाजार आणि बसण्याचा हक्क

लातूरच्या इतिहासाची गोष्ट निघाली की ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ या राष्ट्रकूटांच्या बिरुदापासून आरंभ करण्याची आपल्याकडे चाल आहे. नांदेडची निघाली की इ. स. १७०८ मधील गुरु गोविंदसिंगांचे वास्तव्य आठवते. हे योग्यच आहे. परंतु आज आम्ही राजांना आणि गुरूंना दुरूनच वंदन करून, बाजाराच्या दिवशी दुरडी डोक्यावर घेऊन पहाटे निघणाऱ्या माळणीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती जेथे बसते ती हातभर जागा कोणाची, आणि तेथे बसण्याचा तिला हक्क कोणता, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जुन्या मराठी मुलखात पेठ वसे ती कौलाने. काही वर्षांची करमाफी देऊन उदमी लोकांना बोलावीत आणि पेठेची जबाबदारी शेटे-महाजनांच्या वतनाकडे असे. हे वतनदार विक्रेत्याच्या पाटीतून मूठभर जिन्नस उचलीत. तिला फसकी म्हणत. फसकी जाचक असेल, नव्हे होतीच. पण ज्याने फसकी घेतली त्याला ‘तू येथे का बसलास?’ असे विचारण्याचे तोंड उरत नसावे, असे आम्हांस वाटते. हक्क कागदावर नव्हता, वहिवाटीत होता. आणि ती वहिवाट वाराशी बांधलेली होती. नांदेडातील इतवारा हे नावच पाहा. रविवारच्या बाजाराची खूण त्या नावाने मोहल्ल्यावर कायमची उमटवून ठेवली आहे.

निजामी अमलात आपल्याकडे रूढ झालेला शब्द तहबाजारी. बाजारात जमिनीवर बसण्याबद्दल द्यावयाचा हा आकार. त्याच्या वसुलीचा हर्रास होई आणि जास्त बोली लावणारा गुत्तेदार माणसे घेऊन बाजारभर फिरे. याच काळात लातूरचा गंज नावारूपास आला. १९१७ साली गोलाईची दुमजली इमारत उभी राहिली आणि सोळा रस्ते तिला येऊन मिळाले. पुढे फसली सन १३३९ मध्ये, म्हणजे इ. स. १९३० च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा केला. आडत, वजनमाप, हमाली यांना नियम आले. चांगली गोष्ट झाली. मात्र पोत्यातला माल कायद्याच्या छायेत आला, दुरडीतला उन्हातच राहिला. गंजातील व्यापाऱ्याला कायदा मिळाला, आणि पाल ठोकून बसणाऱ्याला मिळाली ती तहबाजारीची पावती.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. नांदेडला १९९७ मध्ये आणि लातूरला २०११ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा या शहरांना मुळात १९४९ सालचा असलेला महापालिका अधिनियम लागू झाला. रस्त्यावर नियमाविरुद्ध विक्रीस मांडलेली वस्तू नोटीस न देता उचलण्याचा अधिकार त्यात आयुक्तांना आहे. एका हाताने पावती फाडावयाची आणि दुसऱ्या हाताने टोपली उचलावयाची, असा हा चमत्कारिक संसार!

या संसाराची झाडाझडती झाली ती आपल्या गावी नव्हे, दिल्लीस. आणि मौज अशी की तेथेही शब्द तहबाजारी हाच होता. जनपथावर तयार कपडे विकणाऱ्या सोदनसिंग या गरीब विक्रेत्याचे म्हणणे असे, की तहबाजारी भरून आपण बसत होतो, आता उठवितात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ साली निर्णय दिला की रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या १९व्या कलमातील धंद्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, वाजवी निर्बंध मात्र त्याला लागू होतील. पण अमुकच जागेवर हक्क सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. धंदा मान्य, जागा नाही! माळणीने हे ऐकले असते तर ती काय म्हणाली असती, हे श्रोत्यांनीच ताडावे.

जागेचे पुढचे पाऊल पडावयास पंचवीस वर्षे लागली. पथविक्रेत्यांचा कायदा १ मे २०१४ रोजी अमलात आला. विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास उठवू नये, हलवावयाचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, जप्त केलेला नाशवंत माल मागणी होताच त्याच दिवशी परत करावा, हे त्यात आले. कोथिंबिरीच्या जुडीला दुसरा दिवस नसतो, हे कायद्याने प्रथमच ओळखले. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना आहेत. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद अशी, की जेथे विक्रेते व ग्राहक परंपरेने जमतात तो ‘नैसर्गिक बाजार’, आणि असा बाजार पन्नास वर्षांवर चालला असेल तर तो वारसा-बाजार ठरवून तेथील विक्रेत्यांना हलवू नये. फसकीच्या काळची वहिवाट येथे कायद्याच्या दारी उभी राहिली. मात्र दार आपोआप उघडत नाही. समितीने शिफारस केली पाहिजे आणि नगरसंस्थेने ठरविले पाहिजे. तेव्हा तहबाजारीच्या जुन्या पावत्या कोणाच्या फडताळात असतील, तर त्या जपून ठेवाव्यात.

आता अडचण सांगतो. प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याने उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याची हमी द्यावयाची आहे. मुंबईच्या पदपथावर हे ठीक. पण आपल्याकडे बाजारच्या दिवशी वांगी घेऊन बसणाऱ्याची दोन एकर कोरडवाहू जमीन असते. ती त्याला वर्षभर पोसत नाही म्हणूनच तो बाजारात येतो. त्याने हमी काय द्यावी? शिवाय कायदा एकाच जागी बसणारा विक्रेता ओळखतो आणि फिरता विक्रेताही ओळखतो. वारावारी गावे बदलणारा, पण प्रत्येक गावी ठरलेल्या जागीच बसणारा आपला बाजारकरी यांपैकी कोणता?

त्यातही हा कायदा शहरांपुरता आहे. खेड्यातील बाजार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली येतो. त्यात आठवडी बाजारावर फी बसविण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे. उदगीर हे नगरपालिकेचे गाव. तेथे दुरडी मांडणारी बाई २०१४ च्या कायद्याच्या कक्षेत बसलेली असते. तीच बाई दुसऱ्या वारी हाळी-हंडरगुळीला, जनावरांच्या बाजाराच्या कडेला तीच दुरडी मांडते, तेव्हा तिच्या हाती पंचायतीच्या फीची पावती तेवढी असते.