मग्यार भाषेचें कुळ

हंगेरींतील लोक स्वतःस मग्यार म्हणवितात. इ. स. ८९५ च्या सुमारास त्यांचे पूर्वज पूर्वेकडील गवताळ प्रदेशांतून डॅन्यूबच्या खोऱ्यांत उतरले. त्यांची भाषा शेजारच्या जर्मन वा स्लाव्ह भाषांच्या कुळांतील नव्हे. तेव्हां तिचें कुळ कोणतें, हा वाद उत्पन्न झाला.

शुक्राचें अधिक्रमण पाहण्यास १७६९ सालीं नॉर्वेच्या उत्तर टोकास गेलेल्या शायनोविच या जेसुइट पंडितानें सामी लोकांची भाषा तपासून, ती व मग्यार मूळच्या एकच, असें १७७० त प्रतिपादिलें. विल्यम जोन्सचें संस्कृतविषयक प्रसिद्ध व्याख्यान याच्या सोळा वर्षें नंतरचें. हूणांचे वंशज म्हणविणाऱ्या सरदारांस हें नातें रुचलें नाहीं. ‘मासळीचा वास येणारी सोयरीक’ म्हणून त्याची हेटाळणी झाली. तथापि १७९९ त ज्यार्मथीनें व्याकरणाच्या तुलनेनें तें दृढ केलें.

मग्यार भाषेंत शंभरास ‘साझ’ म्हणतात. ‘शत’ शब्दाशीं साम्य पाहून आम्हां संस्कृताभ्यासकांस मोह पडावा. परंतु तो शब्द प्राचीन काळीं इंडो-इराणी भाषेंतून उसना घेतलेला आहे. उलट फिनिश ‘कला’ (मासा) व ‘कोल्मे’ (तीन) यांस मग्यारांत ‘हॉल’ व ‘हारोम’ असे शब्द आहेत. अशा ठिकाणीं आरंभींच्या ‘क’चा ‘ह’ होणें हा नियम आहे, आणि नियम हाच नात्याचा खरा साक्षी.

पूर्वजांच्या शोधार्थ निघालेला चोमा १८४२ त दार्जिलिंगास वारला. मूलस्थान त्यास सांपडलें नाहीं. पण त्याचा १८३४ चा तिबेटी-इंग्रजी कोश विद्वानांस लाभला. पुढें १८४४ त लॅटिनच्या जागीं मग्यार राजभाषा झाली. भाषेचें कुळ अभिमानानें ठरत नाहीं, व तिची योग्यताही कुळावर अवलंबून नाहीं, असें आमचें मत आहे.