नेत्रवैद्याच्या करवतमाश्या
न्यूरेंबर्गला खेटून असलेल्या फ्युर्त शहरातले नेत्रवैद्य एडुआर्ड एन्स्लिन (१८७९–१९७०) मला महत्त्वाचे वाटतात ते करवतमाश्यांमुळे. या माशीची मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून आत अंडी घालते. अळी फुलपाखराच्या अळीसारखीच दिसते; पण हिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला डोळा एकच, तर फुलपाखराच्या अळीला बहुधा सहा. ही ओळख चुकली, तर पिकाचा शत्रू कोण हेच कळत नाही. मध्य युरोपातील करवतमाश्यांवरचा एन्स्लिन यांचा ग्रंथ १९१२ ते १९१८ या काळात, बराचसा महायुद्ध पेटलेले असताना, भागाभागाने प्रसिद्ध झाला. चरितार्थ डोळ्यांच्या दवाखान्यावर, अभ्यास मात्र हौसेचा. अशा अभ्यासकांना विज्ञानाच्या इतिहासात तळटीपेपुरतीच जागा मिळावी, हे मला अन्यायाचे वाटते.